रिकाम्या खुर्चीपुढचं गाऱ्हाणं

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अनिल भाटकर 'हो' म्हणाले.

हे घडलं पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात, पहिल्या मजल्यावर, चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये. समोर चेअरमन रावजीशेठ होते. त्यांच्या दोन चिरेखाणी, एक हार्डवेअरचं दुकान आणि देवरूखच्या बाजूच्या गावात देवाच्या पालखीचा मान. भाटकर केबिनमध्ये शिरले तेव्हा 'नाही' म्हणायचं हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. आदल्या रात्री जेवताना ठरवलं, सकाळी दाढी करताना आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं, जिना चढतानाही एकदा पुटपुटले. जिन्यात भेटलेल्या शिपायाला वाटलं, साहेब नामस्मरण करताहेत. त्याने वाट दिली.

"अलोरे शाखेला तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवाय," रावजीशेठ म्हणाले. "एक जूनपासून. आणि जाण्याआधी ते पुण्याचं प्रशिक्षण तेवढं इथं उरकून टाका. ते काय ते... माणसानं स्पष्ट कसं बोलावं, त्याचं. जमेल ना?"

"हो," भाटकर म्हणाले.

एकाच 'हो'मध्ये त्यांनी बदलीही घेतली आणि प्रशिक्षणही. प्रशिक्षणाचं नाव होतं 'ठाम संवाद'. आपल्याला नको असलेली गोष्ट समोरच्याचा मान राखून, न घाबरता नाकारायची कशी, हे कर्मचाऱ्यांना शिकवायचं, असा त्याचा हेतू होता. शिकवायला नेमलेला माणूस आत्ता केबिनबाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभा होता आणि ग्लासात पाणी नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

रावजीशेठनी एक गोष्ट मात्र सांगून ठेवली होती. आदेश टाइप होईल, पण सही पुढच्या शुक्रवारी, प्रशिक्षणाचा समारोप झाला की. म्हणजे आठवडा हातात होता.

घरी योगिनीताई डबे भरत होत्या. भाटकर रत्नागिरीत आले त्याला चार वर्षं झाली होती, आणि योगिनीताईंच्या डब्यांना तीन. भाटकर रोज पहाटे विळीवर बसून नारळ खवत, मग ऑफिसला जाताना स्कूटरवरून नाचणे रोडचे डबे पोचवत. ऑफिसात कोणी त्यांना प्रशिक्षण अधिकारी म्हणत असेल, नाचणे रोडला ते 'डबेवाले काका' होते, आणि खरं सांगायचं तर या दुसऱ्या हुद्द्यावर त्यांचं कोणी ऐकत तरी होतं.

"बोलणं झालं?" योगिनीताईंनी विचारलं.

"झालं."

"नाही म्हणालात?"

"तसं थेट नाही..."

योगिनीताईंनी झाकण लावलेला डबा पुन्हा उघडला आणि पुन्हा लावला. काही कारण नव्हतं.

"देवरूखला शिकवण्या बंद केल्या," त्या म्हणाल्या. "चिपळूणला शिवणाचा क्लास. मशीन पुराच्या पाण्यात गेलं ते वेगळं, पण त्याच्या आधीच तुमची ऑर्डर आली होती. दोन्ही वेळा मी एक शब्द बोलले नाही. आता बोलते. मी अलोऱ्याला येणार नाही. तुम्ही गेलात तर एकटे जाल, आणि इथं नारळ मी माझे खवीन."

हे त्यांनी डोळ्यात डोळे घालून, आवाज न चढवता आणि कारणांचा पाल्हाळ न लावता सांगितलं. पुण्याहून आलेल्या पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात नेमकी हीच पद्धत दिली होती. योगिनीताईंनी पुस्तिका वाचलेली नव्हती. ती गेले दोन दिवस कुकरखाली होती.

सोमवारी प्रशिक्षण सुरू झालं. रत्नागिरीतल्या बोलण्याची एक रीत इथं सांगायला हवी. ती माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. रत्नागिरीत कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. पण 'बघू' हा एक शब्द नाही, ते एक खातं आहे. मान वर करून, आढ्याकडे नजर लावून म्हटलेलं 'बघू' म्हणजे होणार नाही, पुन्हा विचारू नका. मान खाली घालून, हातातलं काम चालू ठेवून म्हटलेलं 'बघू' म्हणजे होईल, पण मी केलं असं कुठं बोलू नका. समोर बघून, छान हसून म्हटलं तर माणूस तुमचं काम आत्ताच विसरला. शब्द तोच. चेहरा वाचावा लागतो. म्हणून इथली माणसं महत्त्वाची गोष्ट फोनवर विचारत नाहीत, स्कूटर काढून भेटायला जातात.

अशा माणसांपुढे भाटकरांनी पडद्यावर पहिलं पान लावलं: वाक्याची सुरुवात 'मी'ने करा.

वर्गात कर्ज, ठेव, वसुली असे सगळे विभाग होते. सगळ्यांनी माना हलवल्या. रत्नागिरीतला माणूस प्रशिक्षणालाही नाही म्हणत नाही.

"आपण करून बघू," भाटकर म्हणाले. "समजा मी मॅनेजर आहे. दमयंतीबाई, मी तुम्हाला रविवारी कामावर बोलावतो. तुम्ही नकार द्या. माझ्या डोळ्यात बघा, कारण देऊ नका, 'मी'ने सुरुवात करा."

ठेव विभागाच्या दमयंती नागवेकर उठल्या. त्यांनी भाटकरांच्या डोळ्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"साहेब, तुमच्या उजव्या डोळ्याला सूज आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "गुलाबपाणी घाला."

"नकार द्या, बाई."

"कसा देऊ? तुम्ही इतक्या प्रेमानं बोलावताय."

"मी प्रेमानं बोलावलं नाही. मी मॅनेजर आहे."

"मग तर यायलाच हवं," दमयंतीबाई म्हणाल्या आणि बसल्या.

कॅशियर केरू धनावडे यांना उठवलं. केरू संगमेश्वर तालुक्यातल्या गावाचे, धिप्पाड, आवाज असा की काउंटरवर टोकन पुकारलं तर बाहेर रिक्षावाले वळून बघायचे. त्यांनी नकार द्यायचं मान्य केलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "सायेब, येतो. पन रविवारी घरात इचारतो."

"घरात विचारायचं नाही! स्वतः ठरवायचं!"

"घरात न इचारता?" केरूंनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. घरात न विचारता रविवार ठरवणारा माणूस चांगल्या घरचा कसा असेल?

दुपारी भाटकरांनी पुण्याला फोन लावला. प्रशिक्षण तयार करणाऱ्या मनस्वी मॅडम चांगल्या होत्या, उत्साही होत्या आणि चालत चालत फोनवर बोलायच्या, त्यामुळे त्यांची वाक्यं कधीकधी लिफ्टमध्ये तुटायची.

"सर, हा अगदी ओळखीचा प्रश्न आहे. तुमच्याकडे 'आपण' मोठं आहे, 'मी' लहान आहे. अशा समाजासाठी रूपांतर करावं लागतं. पुस्तिकेच्या सहाव्या प्रकरणात ते सगळं आहे."

"पुस्तिकेत पाचच प्रकरणं आहेत, मॅडम."

"सहावं अजून लिहायचंय. तुम्हीच लिहा ना! तिथल्या मातीतलं. शुक्रवारी समारोपाला मी येतेय, प्रात्यक्षिक दाखवा. जमेल ना, सर?"

"हो," भाटकर म्हणाले, आणि बोलणं संपल्यावर बराच वेळ त्यांनी फोन हातात धरून ठेवला.

संध्याकाळी शेजारचे हरिश्चंद्रमामा आले. मामांचं आयुष्य मालवाहू बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी शेजाऱ्यांना सल्ला द्यायचं काम हाती घेतलं होतं, आणि त्यात त्यांनी एकही सुट्टी घेतलेली नव्हती.

"बोटीवर कप्तानाला नाही म्हणायची सोय नाही," मामा म्हणाले. "म्हणायचं, सर, डाव्या अंगाला खडक आहे. एवढंच. पुढचं तो ठरवतो."

"आणि त्याने नाही ठरवलं तर?"

"मग खडकावर सगळेच असतात. तेव्हा कोणी कोणाला दोष देत नाही." मामांनी चहा संपवला. "तुम्ही त्या चेअरमनला सांगा, अलोऱ्याला खडक आहे."

भाटकरांनी हे मनातल्या मनात म्हणून पाहिलं. शोभलं नाही.

आत योगिनीताई फोनवर बोलत होत्या. पलीकडच्याला रविवारीही डबा हवा होता. "नाही हो," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रविवारी चूल बंद ठेवायची असं आमचं सगळ्यांचं ठरलंय." पलीकडच्या माणसाने एका शब्दानेही वाद घातला नाही.

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?" भाटकरांनी विचारलं. घरात दोनच माणसं होती आणि त्यांच्यापैकी एकाला काहीही विचारलेलं नव्हतं.

"माझं आणि गॅसचं," योगिनीताई म्हणाल्या. अलीकडे त्या भाटकरांशी इतपतच बोलत होत्या.

पण भाटकर जागच्या जागी थांबले. 'मी येणार नाही' म्हणणारी हीच बाई बाहेरच्याला 'आमचं ठरलंय' म्हणत होती, आणि त्याचा रागही येत नव्हता कोणाला. एकट्या माणसाचा नकार उद्धट वाटतो, पंचवीस जणांचा नकार म्हणजे रीत होते. मग गावात पंचवीस माणसं जिथं एकत्र उभी राहून न घाबरता मागतात, ती जागा कुठली? भाटकरांना शिमग्यातलं देवळाचं अंगण आठवलं. गावकरी गोलात उभे, हात जोडलेले. एकजण सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतोय: ह्याचं दुखणं दूर कर, त्याच्या मुलाला नोकरी लाव, कोणी वाईट चिंतत असेल त्याला सुबुद्धी दे. आणि प्रत्येक मागणीमागे सगळ्या गावाचा एक आवाज: व्हय म्हाराजा! तिथं कोणी 'मी' म्हणत नाही, कोणी लाजत नाही आणि कोणी काही शिल्लकही ठेवत नाही.

सहावं प्रकरण सापडलं होतं. भाटकरांना त्या रात्री चांगली झोप लागली. आठवड्यातली ती शेवटची.

मंगळवारी त्यांनी पडदा गुंडाळून ठेवला, सगळ्यांना गोलात उभं केलं आणि केरूंना पुढे केलं. केरू गावात शिमग्याला गाऱ्हाणं घालायचे, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ऑफिस बदललं.

"बा म्हाराजा! मुख्य कार्यालयातली ही तुजी लेकरां एका मतानं तुज्यापुढं उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"बायकांच्या संडासाची कडी जी काय तुटलेली हाय, त्याच्यापायी दमयंतीबायना दाराबाहेर मानूस उभा करायला लागतो..."

हे भाटकरांनी केरूंना सांगितलेलं नव्हतं. कोणीच कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. दमयंतीबाई लाल झाल्या.

"...ती लावून दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

काचेचं पार्टिशन थरथरलं. खाली काउंटरवर ठेवीची चौकशी करायला आलेल्या एका गृहस्थांनी आपोआप हात जोडले. आणि वर्गात जे आदल्या दिवशी झालं नव्हतं ते झालं: माणसं बोलायला लागली. जेवणाच्या सुट्टीत येणारे फोन, वसुलीला स्वतःची गाडी आणि स्वतःचं पेट्रोल, एसीच्या थेट खाली बसून दमयंतीबाईंच्या मानेची झालेली दशा. संध्याकाळी कडी लावून झाली होती. कोणी लावली हे कळलं नाही, पण लावली.

त्यानंतर मात्र हे प्रकरण भाटकरांच्या हातात राहिलं नाही.

शुक्रवारी चेअरमनसमोर गाऱ्हाणं होणार ही बातमी फुटली, आणि जो तो त्यात आपलं काही घालायला आला. लांज्याच्या शाखेने छपराचं घातलं. वसुलीवाल्यांनी रविवारचं घातलं. भाटकर प्रत्येकाला 'हो' म्हणाले. हरिश्चंद्रमामांनी कॉलनीच्या पाण्याच्या पाइपलाइनचं घातलं.

"मामा, पाइपलाइनचा आमच्या संस्थेशी काय संबंध?"

"महाराजाला पाइपलाइन चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

"बरं, हो," भाटकर म्हणाले.

बुधवारी दुसरी अडचण आली. संस्थेच्या आवारात धार्मिक कार्यक्रम करू नये असं एक जुनं परिपत्रक होतं, आणि ते ज्याने काढून दाखवलं त्याला शोधून काढण्यात अर्थ नव्हता. वकिलांचं मत मागवलं. वकिलांनी फोनवर 'बघू' म्हटलं, म्हणून भाटकर स्कूटर काढून त्यांचा चेहरा बघायला गेले. मत असं पडलं: गाऱ्हाणं हे संवादकौशल्याचं प्रात्यक्षिक समजावं. देवाचं नाव घेऊ नये, फोटो ठेवू नये. नारळ फोडू नये, ठेवायचाच असेल तर अल्पोपाहाराचा भाग म्हणून ठेवावा.

"मग म्हाराजा म्हनायचं कुनाला?" केरूंनी विचारलं. "समोर काय तरी लागतं, सायेब. भिताडाला कसं सांगू?"

"समोर चेअरमनसाहेब बसतील," भाटकर म्हणाले.

केरूंनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "आनि शेवटाला काय तरी कबूल करायला लागंल. नुसतं मागून उठायचं नसतं. तो त्याचा मान."

"काय कबूल करायचं ते तुम्ही ठरवा," भाटकर म्हणाले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. इतक्या लोकांची दुखणी त्यांनी गाऱ्हाण्यात घेतली होती, पाइपलाइनसुद्धा घेतली होती, आणि स्वतःची बदली घाला एवढं केरूंना सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती. बुधवारी उचलली नाही. गुरुवारी ते तीनदा कॅश काउंटरपर्यंत गेले आणि तीनदा सुटे पैसे घेऊन परत आले.

समारोपाचा अल्पोपाहार योगिनीताईंकडेच होता. त्या घावनांचं पीठ भिजवत होत्या. "शुक्रवारी मी असेनच तिथं," एवढंच म्हणाल्या. हे वाक्य आधाराचं होतं की इशाऱ्याचं, हे भाटकरांना त्यांच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं. मनस्वी मॅडम पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांनी मोबाइल उभा करून ठेवला होता. मागच्या भिंतीशी टेबलावर घावनं, चटणी, वकिलांच्या मताप्रमाणे एक न फोडलेला नारळ, आणि त्यांच्यामागे योगिनीताई. समोर रावजीशेठ त्यांच्या खुर्चीवर बसले होते. पाठीला पांढरा टॉवेल टाकलेली ती मोठी खुर्ची केबिनमधून खास आणली होती. त्यांच्यापुढच्या छोट्या टेबलावर एक फाइल होती, फाइलीत आदेश, आणि फाइलीवर पेन. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

कर्मचारी अर्धगोलात उभे राहिले. केरूंनी डोळे मिटले.

"बा म्हाराजा!"

त्या हाकेसरशी रावजीशेठ उठले. खुर्चीतून असे उठले की जणू कोणी दंडाला धरून उठवलं. त्यांनी पायातले बूट काढले, ते नीट न बघता मागे सरकवले, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि अर्धगोलात, केरूंच्या उजव्या हाताला, हात जोडून उभे राहिले. पालखीच्या मानकऱ्याची जागा तीच असते. ती त्यांनी बालपणापासून कधी सोडलेली नव्हती, आणि इथं ती सोडायची असते हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता समोर रिकामी खुर्ची होती. टॉवेल होता. सगळं कार्यालय, चेअरमनसकट, त्या टॉवेलपुढे हात जोडून उभं होतं.

केरूंचा आवाज क्षणभर अडखळला, पण गाऱ्हाणं मधे थांबवता येत नाही. "ही तुजी लेकरां एका मतानं उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज रावजीशेठचा होता.

लांज्याचं छप्पर झालं. व्हय म्हाराजा. जेवणाच्या सुट्टीतले फोन बंद कर रं म्हाराजा. व्हय म्हाराजा. रविवारची वसुली. रावजीशेठचे डोळे मिटलेले होते, मान डोलत होती, आणि रविवारची वसुली ज्यांनी स्वतः सुरू केली होती तेच ती बंद व्हावी म्हणून कळवळून हो म्हणत होते. दमयंतीबाईंची मान झाली. पाइपलाइनसुद्धा झाली. भाटकरांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. आता संपणार. आता संपलं.

"आनि म्हाराजा!" केरूंनी आवाज चढवला. "आमच्या भाटकर सायबांच्या बदलीचा जो काय इचार कुनाच्या मनात आला असंल..."

भाटकरांनी डोळे उघडले. हे त्यांनी घातलं नव्हतं. त्यांनी दमयंतीबाईंकडे पाहिलं, दमयंतीबाईंनी छताकडे.

"...तो दूर कर, आनि त्यास्नी त्यांच्या चुलीपाशी ठेव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" रावजीशेठ गरजले.

मागे कुठेतरी एक उलथनं खाली पडलं.

"आनि तुजा मान म्हनून," केरू आता लयीत होते, "भाटकर सायेब हे शिकवान घेऊन गावोगावच्या शाखांना जातील, आनि पयला मान अलोऱ्याला देतील रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात एक आवाज भाटकरांचा होता. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं.

गाऱ्हाणं संपलं. मनस्वी मॅडमनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणी साथ देत नाही हे पाहून थांबल्या. रावजीशेठनी डोळे उघडले. समोर खुर्ची होती, खुर्चीत ते नव्हते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळं परत आलं: फाइल, पेन, पाय उघडे. ते जाऊन खुर्चीत बसले.

"बदलीचं," ते शांतपणे म्हणाले, "कोणी घातलं त्यात?"

दमयंतीबाई स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या. केरू नारळाकडे. पंचवीस माणसं होती आणि त्या क्षणी एकही 'आपण' नव्हतं.

"भाटकर, तुम्ही?"

सुटकेचा रस्ता सरळ होता. 'नाही साहेब, मी नाही घातलं.' अगदी खरं उत्तर होतं, शपथेवर देता आलं असतं. आणि गंमत अशी की आयुष्यात पहिल्यांदा चेअरमनला 'नाही' म्हणायची संधी आली होती, ती नेमकी इथं. भाटकरांनी तोंड उघडलं. मागे वळून बघायचं धैर्य त्यांना नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "मी घातलं नव्हतं. पण घालायला हवं होतं." मग थांबले. रावजीशेठ वाट बघत होते. "मागच्या शुक्रवारी केबिनमध्येच सांगायला हवं होतं. मला अलोऱ्याला बदलून जायचं नाही."

डोळ्यात डोळे घालून बघायचं राहिलं. ते पेनाकडे बघून बोलले. पण वाक्य पूर्ण झालं.

मग सभागृहाच्या अगदी मागून, घावनांच्या टेबलापलीकडून, एका बाईचा आवाज आला, फार मोठा नाही, पण स्वच्छ.

"व्हय म्हाराजा."

आणि मग सगळे. या वेळी पार्टिशनच काय, टेबलावरचं पेनही हललं, घरंगळलं आणि खाली पडलं.

पेन शोधायला की बूट शोधायला हे नक्की सांगता येत नाही, पण रावजीशेठ खाली वाकले. ते टेबलाखाली पूर्ण गेले. तिथून त्यांचा आवाज आला.

"बघू."

एवढंच. वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक बूट होता आणि चेहरा नेहमीसारखा होता.

त्या 'बघू'वर कार्यालयात आजवर एकमत झालेलं नाही. दमयंतीबाईंचं म्हणणं, मान खाली होती आणि हातात काम चालू होतं, म्हणजे होणार. केरू म्हणतात, मान बुटासाठी खाली होती, ती धरता येत नाही. वकिलांनी यावर मत द्यायला नकार दिला. म्हणजे 'बघू' म्हटलं. मनस्वी मॅडमनी पुण्याहून कळवलं की सहावं प्रकरण उत्तम झालंय, फक्त शेवट जरा स्पष्ट हवा. लांज्याच्या छपराला मंजुरी मिळाली. पाइपलाइनला अर्थातच नाही. आदेशाची फाइल रावजीशेठच्या खणात आहे. सही झालेली नाही, कागद फाडलेलाही नाही.

योगिनीताईंनी त्या दिवशी भाटकरांना जेवताना एक घावन जास्त वाढलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जूनचे डबे घ्यायला सुरुवात केली, आणि नाचणे रोडच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की पोचवायला काकाच येतील.

मंगळवारी संध्याकाळी अलोरे शाखेतून फोन आला. तिकडचा क्लार्क आनंदात होता.

"साहेब, तुम्ही गाऱ्हाण्यात कबूल केलंत ते इकडं कळलं. कॉलनीत खोली बघून ठेवलीय. नळाला पाणी आहे, पंखा नवा आहे. फक्त मालक विचारतोय, चार दिवसांसाठी देऊ की चार वर्षांसाठी? तेवढं आत्ता सांगा, साहेब."

स्वयंपाकघरात योगिनीताई विळीवर बसून नारळ खवत होत्या. खवण्याचा आवाज थांबला.

फोन अजून भाटकरांच्या कानाला आहे.